दाताला गादी असते, इम्प्लांटला नसते

खरा दात हाडात ठोकून बसवलेला नसतो, तो हाडाच्या खाचेत टांगलेला असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जाडीला पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. चावताना दात या थरावर दबतो आणि परत वर येतो. दातांखाली बारीक खडा आला की जबडा आपोआप थांबतो, तो या थरातल्या संवेदनांमुळे. तारा लावून दात सरकवता येतात आणि वय वाढताना जबड्याबरोबर दात आपली जागा बदलत राहतात, तेही याच थराच्या जोरावर. हा थर म्हणजेच दाताची गादी.

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात, त्याला हा थर नसतो. टायटॅनियमचा स्क्रू आणि हाड थेट एकमेकांना धरतात. इम्प्लांटचा पक्केपणा यातून येतो आणि त्याच्या बहुतेक तक्रारीही यातूनच येतात. डॉक्टर सांगतात की अजून दोन महिने थांबा, कॅपवर चावा हलका ठेवलाय, दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी दाखवायला या. गादी नाही हे लक्षात ठेवलं की या प्रत्येक सूचनेचं कारण आपोआप उलगडतं.

हाड टायटॅनियमला असं धरून ठेवतं हे १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं. ते सशांच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते, आणि त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं काढायला गेल्यावर ती निघेनात. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि त्या माणसाने ते आयुष्यभर, चाळीस वर्षं वापरले. त्याच सुमाराच्या पात्यासारख्या इम्प्लांटभोवती मऊ तंतूंचा थर तयार व्हायचा, आणि हीच दाताची नवी गादी असं काही जण मानायचे. प्रत्यक्षात तो व्रणासारखा थर असायचा आणि त्यात इम्प्लांट हळूहळू ढिला होत जायचा. आजही फसलेला इम्प्लांट काढला की भोवती बहुतेकदा हाच मऊ थर सापडतो.

इम्प्लांट हवाच का

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जो दात रूट कॅनल आणि कॅप करून वाचू शकतो, तो काढून तिथे इम्प्लांट बसवणं मला पटत नाही. वाचवलेल्या दाताची गादी शाबूत राहते, आणि ती कुठल्याही कंपनीला बनवता येत नाही. मूळ उभं चिरलेलं असेल, हिरडीच्या वर पकडायला दात उरलाच नसेल किंवा भोवतालचं हाड जवळपास संपलं असेल, तर काढण्यावाचून इलाज नाही.

दात गेल्यानंतरही इम्प्लांट हा एकमेव मार्ग नसतो. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच कॅप असेल किंवा मोठं फिलिंग असेल, तर त्यांचाच आधार घेऊन केलेला ब्रिज हा सरळ आणि कमी वेळाचा उपाय आहे. शेजारचे दात धडधाकट असतील तर मात्र एका दातासाठी दोन चांगले दात घासून बारीक करणं अंगावर येतं, आणि तिथे इम्प्लांटची बाजू सर्वात भक्कम. सगळ्यात मागची दाढ गेली असेल आणि चावायला पुढच्या दाढा पुरत असतील, तर काहीच न बसवणंही चालतं. फक्त समोरच्या जबड्यातली दाढ आधाराविना खाली किंवा वर सरकते आहे का, याकडे लक्ष ठेवावं लागतं.

वाढत्या वयात इम्प्लांट नको. जबडा वाढतो तसे खरे दात त्याच्याबरोबर खाली येतात, इम्प्लांट मात्र हाडात जखडलेला, तो बसवला तिथेच राहतो. सोळाव्या वर्षी पुढच्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवला तर काही वर्षांत तो शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो, हिरडीची रेषाही वर राहते, आणि हे दुरुस्त करणं फार अवघड असतं. मुलींमध्ये साधारण अठराव्या आणि मुलांमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत थांबतात, पुढच्या दातांसाठी शक्य झाल्यास आणखी पुढे ढकलतात. तोवर शेजारच्या दाताच्या आतल्या बाजूला पंख चिकटवून बसवलेला ब्रिज चांगलं काम देतो.

मग तब्येतीचे प्रश्न. मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही, तो आटोक्यात हवा. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, सातच्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर निर्धास्त असतात, आठच्या वर असेल तर आधी साखर खाली आणायला सांगतात. सिगारेटमुळे हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम उशिरा भरते आणि पुढे हाड झिजण्याचा धोकाही वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. एक-दोन इम्प्लांटसाठी ती बहुधा चालू ठेवूनच काम करता येतं, आणि बंद केल्याने होणारी गुठळी हिरडीतून झिरपणाऱ्या रक्तापेक्षा कितीतरी घातक.

सांगायची सर्वाधिक राहून जाणारी गोष्ट म्हणजे हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं. आठवड्याची गोळी लोकांना आठवते. सहा महिन्यांतून एकदा किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन मात्र 'चालू औषधं' लिहिताना कागदावर येतच नाही. या औषधांमुळे जबड्याचं हाड जखमेनंतर भरून न येता उघडं पडण्याचा धोका असतो. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो कमी असतो, कर्करोगासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत बराच जास्त, आणि तिथे इम्प्लांट टाळतात. जबड्याला रेडिएशन मिळालं असेल तर तेही सांगायलाच हवं, मग त्याला कितीही वर्षं उलटलेली असोत. आणि ही इंजेक्शनं दातासाठी परस्पर थांबवू नका. त्यातल्या एका प्रकारात डोस चुकला तर मणक्याची हाडं मोडू शकतात. निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो.

हिरड्यांच्या आजाराने दात गेले असतील, तर आधी तो आजार थांबवायला हवा. जे जंतू खऱ्या दाताभोवतीचं हाड खातात तेच इम्प्लांटभोवतीचंही खातात, आणि तिथे त्यांना अडवणारं कमी असतं. का ते पुढे सांगतो.

मिलिमीटरचा हिशोब

आपण ज्याला इम्प्लांट म्हणतो त्यात खरं तर तीन वस्तू असतात. हाडात जाणारा, बाहेरून आटे असलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर बसणारा, हिरडीतून वर येणारा खुंट, म्हणजे अबटमेंट. आणि सर्वात वर कॅप. अबटमेंट आतल्या स्क्रूला धरून ठेवणारा आणखी एक बारीक पेच असतो, आणि पुढची निम्मी कहाणी त्या बारीक पेचाची आहे.

हाडातल्या स्क्रूचा व्यास सहसा ३.५ ते ५ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १३ मिलिमीटर असते. पुढच्या अरुंद जागांसाठी ३ मिलिमीटरचेही मिळतात, दाढेसाठी जाड वापरतात. आता हिशोब बघा. इम्प्लांट आणि शेजारच्या दाताचं मूळ यांच्यात किमान दीड मिलिमीटर हाड लागतं. म्हणजे ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी दोन दातांमध्ये किमान ७ मिलिमीटर जागा हवी. दोन इम्प्लांट शेजारी-शेजारी असतील तर त्यांच्यामध्ये ३ मिलिमीटर सोडायचे, म्हणजे एकूण १४. ओठाच्या आणि जिभेच्या बाजूलाही दीड-दोन मिलिमीटर हाडाची भिंत उरली पाहिजे. ओठाकडची भिंत याहून पातळ राहिली तर ती विरघळते, हिरडी खाली उतरते आणि काही वर्षांनी धातूची करडी छटा दिसू लागते.

खालच्या जबड्यात दाढांच्या खालून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून २ मिलिमीटर दूर राहायचं असतं. हे अंतर वाटतं तितकं मोठं नाही, कारण बऱ्याच ड्रिलचं टोक त्यावरच्या खुणेपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर पुढे कापतं. १० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत गेलेलं ड्रिल प्रत्यक्षात ११ पर्यंत गेलेलं असू शकतं. वरच्या जबड्यात दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, आणि दात गेल्यावर ती हळूहळू खाली उतरत येते. साध्या एक्स-रेमध्ये उंची दिसते, रुंदी दिसत नाही. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करतात, आणि त्यातला जबड्याचा आडवा छेद मला दाखवा असं डॉक्टरांना सांगायला मुळीच संकोच करू नका. नस कुठे आहे, हाड किती रुंद आहे, हे नीट दाखवलं तर कुणालाही कळतं.

हाड कमी का पडतं? दात काढल्यावर त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाचं काम संपतं आणि शरीर ते परत घेऊ लागतं. पहिल्या वर्षभरात कडेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. म्हणून खरा निर्णय दात काढण्याच्या दिवशी घ्यायचा असतो. पुढे इम्प्लांट करायचा आहे हे त्या दिवशी माहीत असेल, तर दात तुकड्या-तुकड्याने, भिंती न मोडता काढता येतो आणि खड्ड्यात हाडाची भुकटी भरून वर पडदा ठेवता येतो. हा अर्ध्या तासाचा उद्योग पुढची मोठी शस्त्रक्रिया वाचवतो. ज्यांना लगेच इम्प्लांट परवडत नाही किंवा ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी तर तो जास्तच मोलाचा.

भुकटी म्हणजे रुग्णाच्याच जबड्यातून खरवडलेलं हाड, दात्याचं प्रक्रिया केलेलं हाड, गाईचं प्रक्रिया केलेलं हाड किंवा पूर्ण कृत्रिम कॅल्शियमचे कण. तिचं काम सापळ्याचं: कण जागा धरून ठेवतात आणि आपलं हाड त्यांच्यामधून वाढतं. याला चार ते सहा महिने लागतात. सायनसखाली हाडाची उंची चार-पाच मिलिमीटरहून कमी असेल तर बाजूने खिडकी पाडून सायनसचं अस्तर वर उचलतात आणि खाली भुकटी भरतात. थोडीच उणीव असेल तर इम्प्लांटच्याच छिद्रातून ते काम होतं. कोणत्या प्रकारची भुकटी वापरणार हे आधी विचारून घ्यावं. गाईचं किंवा दुसऱ्या माणसाचं हाड न चालणाऱ्यांना ते नंतर कळणं बरोबर नाही.

स्कॅन पाहताना चांगला डॉक्टर आधी कॅप कुठे हवी ते ठरवतो, मग त्या कॅपखाली स्क्रू कुठे यायला हवा ते पाहतो, आणि तिथे हाड नसेल तर हाड वाढवतो. जिथे हाड मिळालं तिथे स्क्रू टोचला आणि मग लॅबला सांगितलं की बघा आता कॅप कशी बसते ती, असं झालं की वाकडे खुंट, जिभेला लागणारे फुगवटे आणि साफ न करता येणाऱ्या फटी जन्माला येतात.

शस्त्रक्रियेचा दिवस आणि तिसरा आठवडा

एका इम्प्लांटला जागेवरची भूल पुरते आणि काम पाऊण तासाच्या आसपास होतं. हिरडी उघडून आधी २ मिलिमीटरचं ड्रिल फिरवतात, त्या छिद्रात पिन ठेवून एक्स-रेवर दिशा तपासतात, आणि मग एकेक माप वाढवत छिद्र रुंद करतात. ड्रिल मिनिटाला साधारण ८०० ते १२०० फेऱ्यांनी फिरतं आणि त्यावर सतत सलाइनचं पाणी सोडतात. पाणी थंडाव्यासाठी असतं: हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशी मरू लागतात. झिजलेलं ड्रिल, कमी पाणी, जोर लावून एका दमात खोल जाणं, या तिन्हींमुळे हाड भाजतं. रुग्णाला त्या वेळी काहीच कळत नाही. कळतं दीड-दोन महिन्यांनी, इम्प्लांट गुंतलाच नाही तेव्हा.

स्क्रू मात्र सावकाश, मिनिटाला वीस-पंचवीस फेऱ्यांनी किंवा हाताच्या पान्याने आत जातो. शेवटी तो किती पिळाने थांबला ते न्यूटन सेंटिमीटरमध्ये मोजतात. पस्तीसच्या आसपास पीळ मिळाला तर पकड चांगली. घट्ट तेवढं चांगलं हा समज इथे चुकीचा ठरतो, कारण कठीण हाडात खूप जास्त पिळाने बसवलेला स्क्रू भोवतालच्या हाडाला दाबून त्याचा रक्तपुरवठा तोडतो. मग वर सपाट झाकण लावून हिरडी शिवून टाकतात, किंवा हिरडीतून वर डोकावणारी हीलिंग कॅप लावतात. दुसऱ्या पद्धतीत पुढे हिरडी पुन्हा उघडावी लागत नाही.

घरी गेल्यावर पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाचा शेक थांबून-थांबून द्यावा. चुळा भरून जोरात थुंकू नये आणि स्ट्रॉने पिऊ नये, जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघते. सायनसचं काम झालं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि मग उतरते. चौथ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं तर ते बरं लक्षण नाही. आणि भुलीचा अंमल उतरायला हवा तेव्हा खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच राहिली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा. स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो थोडा वर घेतल्याने किंवा काढल्याने नस सावरू शकते, पण हे पहिल्या एक-दोन दिवसांतच करावं लागतं.

आता तो तिसरा आठवडा. बसवल्याच्या दिवशी स्क्रू आट्यांच्या पकडीवर घट्ट असतो. पुढे शरीर आट्यांजवळचं दाबलं गेलेलं जुनं हाड काढून टाकतं आणि नवं बांधू लागतं. जुनं गेलेलं असतं आणि नवं अजून पुरेसं आलेलं नसतं, असा मधला काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतो. म्हणजे टाके निघालेत, दुखणं थांबलंय, सगळं विसरून त्या बाजूने चावावंसं वाटतंय, नेमका तेव्हा इम्प्लांट सर्वात नाजूक असतो. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाइतका, म्हणजे दीडशे मायक्रॉन, वारंवार हलला तरी हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात, आणि एकदा ते झाले की त्यांचं हाड होत नाही.

इथे घात करणारी आणखी एक वस्तू म्हणजे मधल्या काळासाठी दिलेली काढता-घालता येणारी तात्पुरती कवळी. ती बरोबर इम्प्लांटच्या डोक्यावर टेकते. तिची आतली बाजू त्या जागी कोरून पोकळ केलेली हवी. कवळी घातल्यावर तिथे दाब जाणवत असेल तर सहन करत बसू नका, जाऊन कोरून घ्या.

खालच्या जबड्यात हाड कठीण असतं, तिथे आजच्या खडबडीत पृष्ठभागाच्या स्क्रूंना दीड ते तीन महिने पुरतात. वरच्या जबड्यात मागे हाड स्पंजासारखं असतं, तिथे तीन ते सहा महिने. काही ठिकाणी कंपनाच्या उपकरणाने स्थिरता मोजतात. आकडा १ ते १०० मध्ये येतो, सत्तरच्या वर असेल तर दात लावायला हरकत नसते, साठच्या खाली असेल तर थांबतात. 'एका दिवसात दात' होतो, पण तो तात्पुरता असतो, पीळ चांगला मिळाला तरच लावतात, आणि एका दातासाठी असेल तर तो समोरच्या दाताला टेकणार नाही असा बुटका ठेवतात. त्यावर चावायचं नसतं.

कॅप: पेचाची की सिमेंटची

कॅप दोन प्रकारे बसते. एकीत कॅपच्या माथ्यावर भोक असतं, त्यातून पेच आवळतात, वर टेफ्लॉनची पट्टी ठासून भोक दाताच्या रंगाच्या मसाल्याने बुजवतात. दुसरीत अबटमेंट आधी आवळतात आणि कॅप त्यावर सिमेंटने चिकटवतात. दिसायला दुसरी जरा सरस, कारण भोक नसतं. तरीही मागच्या दाढांना मी पेचाचीच बाजू घेईन. सिमेंट लावून कॅप दाबली की जास्तीचं सिमेंट हिरडीखाली उतरतं. खऱ्या दाताभोवती तंतू त्याला अडवतात, इम्प्लांटभोवती ते बिनबोभाट खोल जातं. ते तिथे महिनोन्महिने राहतं, त्यावर जंतू साठतात, आणि हाड झिजायला लागल्यावरच कळतं. सिमेंटचीच कॅप करायची असेल तर जोड हिरडीच्या काठापासून फार तर एक मिलिमीटर खाली असावा आणि नंतर एक्स-रे काढून उरलेलं सिमेंट शोधावं. पेचाच्या कॅपचा दुसरा फायदा म्हणजे ती वर्षांनंतरही न फोडता काढता येते. हे किती उपयोगी पडतं ते पुढे येईलच.

पेच टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या पिळाने आवळतात, सहसा २५ ते ३५ न्यूटन सेंटिमीटर. मग दहा मिनिटं थांबून पुन्हा तेवढाच पीळ देतात. आट्यांवरचे सूक्ष्म उंचवटे पहिल्या दाबाने चेपले जातात आणि पेचाचा ताण थोडा उतरतो, दुसऱ्या पिळाने तो भरून येतो. नुसत्या बोटांनी आवळलेला पेच काही महिन्यांत ढिला होतोच.

चावा तपासताना गादीचा मुद्दा परत येतो. जोरात चावलं की खरे दात आपल्या गादीत थोडे आत दबतात, इम्प्लांट जवळपास अजिबात दबत नाही. हलक्या चाव्यात सगळे दात सारखे टेकत असतील, तर जोराच्या चाव्यात सगळा भार इम्प्लांटवर येतो. म्हणून केसाहूनही बारीक, ८ मायक्रॉनचा धातूचा पापुद्रा दातांत धरून तपासतात. हलकं चावल्यावर तो इम्प्लांटच्या कॅपवरून सुटून यायला हवा, जोरात चावल्यावर पकडला जायला हवा. बाजूला जबडा सरकवताना त्या कॅपवर घासण्याची खूण उमटता कामा नये. 'थोडं कमी लागतंय' असं वाटलं म्हणून उंच करून मागू नका. आणि चावा जास्त आहे हे इम्प्लांट स्वतःहून सांगत नाही, त्याला ती जाणीवच नाही. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्रीचा गार्ड पहिल्या दिवसापासून हवा, कॅपचा टवका उडाल्यावर नाही.

दुखत नाही, म्हणून

खऱ्या दाताच्या मानेभोवती हिरडीचे तंतू मुळात आडवे शिरलेले असतात, अंगठीसारखे आवळून. इम्प्लांटला ते शिरायला जागाच नाही, म्हणून ते त्याला समांतर, नुसते टेकून राहतात. शिवाय गादीतून येणारा रक्तपुरवठाही नाही. जंतूंना खाली जायला वाट सोपी आणि शरीराचा प्रतिकार कमी. सुरुवातीला फक्त हिरडी लाल होते आणि ब्रश करताना रक्त येतं. हाड शाबूत असतं, नीट सफाई केली की हे पूर्ण बरं होतं. दुर्लक्ष झालं की हाड स्क्रूभोवती बशीसारखं झिजू लागतं. उघड्या पडलेल्या खडबडीत आट्यांवरून जंतू पूर्ण काढणं अवघड असतं आणि गेलेलं हाड भरवशाने परत येत नाही. हे सगळं न दुखता होतं, आणि इम्प्लांट हलायला लागतो तोवर वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून रक्त हीच घंटा समजायची. मऊ ब्रश दोन वेळा, आणि फटीत रोज एकदा इंटरडेंटल ब्रश. त्याची तार प्लास्टिकने मढवलेली घ्या आणि माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या: फटीत हलका अडून जायला हवा, सैल ब्रश काही साफ करत नाही. पाण्याचा फवारा मदतीला चांगला, ब्रशची जागा घेत नाही. कॅप बसली त्या दिवशी एक एक्स-रे काढून ठेवायचा. पुढचं प्रत्येक मोजमाप त्याच्याशी ताडून पाहतात. पहिल्या वर्षी हाड थोडं खाली बसतं, पुढे ते जवळपास स्थिर राहायला हवं. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी हिरडीत हलक्या हाताने सळई घालून खोली आणि रक्त पाहिलं पाहिजे. नुसतं वरून पाहून 'छान आहे' म्हटलं तर मोजायला सांगा.

काही वर्षांनी आणखी एक गोष्ट घडते. इम्प्लांट आणि पुढचा दात यांच्यामध्ये अन्न अडकू लागतं, जे आधी अडकत नव्हतं. कॅप चुकलेली नसते. खरे दात आयुष्यभर कणाकणाने पुढे सरकत राहतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, आणि मध्ये फट पडते. फ्लॉस पूर्वी टक् करून जायचा आणि आता अडथळ्याविना जातो, ही त्याची खूण. पेचाची कॅप असेल तर ती काढून लॅबमध्ये कडेला थोडी भर घालून परत बसवता येते. सिमेंटची असेल तर बहुतेकदा फोडून नवी करावी लागते. फट तशीच ठेवली तर शेजारच्या खऱ्या दाताला मुळाजवळ कीड लागते.

पूर्ण जबड्याचे दात गेले असतील तर प्रत्येक दातामागे इम्प्लांट लागत नाही. खालची कवळी हलते म्हणून हैराण झालेल्यांना पुढच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी एवढ्यानेही फार मोठा फरक पडतो. त्यातल्या प्लास्टिकच्या टोप्या झिजतात, साधारण वर्षा-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. पक्की बसवलेली रांग चार ते सहा इम्प्लांटवर उभी राहते. मागचे दोन तिरके घालून नस किंवा सायनस टाळतात. तिच्याखालून रोज साफ करता येईल एवढी जागा ठेवली आहे ना, हे पक्की करण्याआधी स्वतः ब्रश घालून पाहा.

काम संपल्यावर एक कार्ड मागून घ्या: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर, बसवल्याची तारीख, अबटमेंटचा प्रकार, कॅप पेचाची की सिमेंटची. स्क्रूच्या डबीवर चिकटपट्टी असते, तीच कार्डावर लावतात. प्रत्येक कंपनीच्या पेचाचं डोकं आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा असू शकतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर बसल्यावर हे कार्ड नसेल, तर एक्स-रेवरून अंदाज बांधण्यात आठवडे जातात.

आणि एखाद्या दिवशी कॅप जिभेला किंचित हलल्यासारखी वाटली, तर घाबरू नका, पण थांबूही नका. बहुतेक वेळा इम्प्लांट जागच्या जागी असतो आणि आतला बारीक पेच ढिला झालेला असतो. त्या बाजूने चावणं लगेच बंद करा, कॅप बोटाने पिळून पाहू नका, चिकटवायला काही लावू नका. त्या दोन-तीन दिवसांत गेलात तर पेच बदलून किंवा पुन्हा आवळून काम होतं, आणि चावा तपासून तो का ढिला झाला तेही कळतं. ढिल्या पेचावर महिनाभर चावत राहिलात तर तो आतच तुटतो. मग ते तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली उलटं फिरवत काढावं लागतं, आणि त्यात आतले आटे बिघडले तर हाडात उत्तम रुजलेला इम्प्लांटही निकामी होतो. जाताना कार्ड सोबत न्या.